मायनक्राफ्ट जावा: घोडा, लांडगा, कोल्हा माणसाळवायचे आणि नंतर टिकवायचे कसे?

प्रश्न: वडाचं_पान

जावा एडिशन, १.२१.६ च्या पुढची आवृत्ती. सर्व्हायव्हल, नॉर्मल डिफिकल्टी, एकट्याचं जग. बेस मैदानातल्या गावाशेजारी आहे, तैगा बायोम तिथून साधारण ८०० ब्लॉकवर. कमांड किंवा क्रिएटिव्ह वापरायचं नाही. शंका अशा:

१. घोड्यावर किती वेळा बसायचं हे ठरलेलं असतं का? एखादा तिसऱ्या वेळी ऐकतो, एखादा दहा वेळा पाडतो. आधी खायला घातलं तर फरक पडतो का, आणि काय घालायचं?

२. टेम केलेले (माणसाळवलेले) लांडगे मागून येता येता मध्येच गायब होतात. मेले की कुठे अडकले, हे ओळखायचं कसं?

३. कोल्ह्यांची जोडी लावून पिल्लू मिळतं, पण ते जंगली कोल्ह्यांबरोबरच पळून जातं. त्याला आपलं करायची नेमकी पद्धत काय?

४. पोपट पंधरा-वीस बिया खाऊनही टेम होत नाही. बिया चुकीच्या आहेत का?

व्हिडिओंमध्ये बहुतेक ठिकाणी "खायला घाला, हार्ट दिसले की झालं" एवढंच सांगतात. आकडे आणि कारणं हवी आहेत.

---

निवांत_अश्व

घोड्यापासून सुरू करू, कारण त्याचा हिशोब बाकी प्राण्यांपेक्षा वेगळा आहे.

प्रत्येक जंगली घोड्याला "टेम्पर" नावाचा एक आकडा असतो. सुरुवातीला ०, जास्तीत जास्त १००. तुम्ही पाठीवर बसलात की गेम थोड्या वेळाने ० ते ९९ मधला एक आकडा काढतो. तो टेम्परपेक्षा कमी निघाला तर घोडा टेम, नाहीतर तो तुम्हाला पाडतो आणि टेम्पर ५ ने वाढतो. म्हणून काही न खाऊ घालता पहिल्यांदा बसलात तर टेम व्हायची शक्यता शून्य आहे. दुसऱ्यांदा ५ टक्के, तिसऱ्यांदा १० टक्के, अशी ती चढत जाते. सहाव्या बैठकीपर्यंत साधारण ५६ टक्के घोडे ऐकतात, आठव्यापर्यंत ८० टक्के, दहाव्यापर्यंत ९३. तिसऱ्या वेळी ऐकलेला घोडा नशिबाचा भाग, दहा वेळा पाडणाराही अगदी नेहमीचा.

खायला घातल्याने टेम्पर थेट वाढतो. गहू, साखर आणि सफरचंद प्रत्येकी ३, गोल्डन कॅरट ५, गोल्डन ॲपल १०. हे-बेलने (नऊ गव्हांच्या गठ्ठ्याने) टेम्पर अजिबात वाढत नाही. जखमी घोड्याची हेल्थ भरायला तो उत्तम, पण टेम करायला घोड्यापुढे हे-बेल टाकणं म्हणजे नऊ गहू वाया.

हिशोब असा बसतो:

- १० गहू घातले की टेम्पर ३०. पुढच्या तीन बैठकांत टेम व्हायची शक्यता ७३ टक्के.
- २० गहू घातले की टेम्पर ६०. दोन बैठकांत ८६ टक्के.
- ३४ गहू घातले की पहिल्याच बैठकीत नक्की.

गव्हाऐवजी साखरही चालते. ऊस लावलेला असेल तर तीच स्वस्त, कारण एका उसाची एक साखर होते आणि पुन्हा पेरावंही लागत नाही. गोल्डन ॲपलला सोन्याच्या आठ विटा लागतात, तो टेम करण्यात घालवू नका.

बसताना हात रिकामा हवा. हातात तलवार किंवा ब्लॉक घेऊन जंगली घोड्यावर राइट क्लिक केलंत तर तो फक्त उधळून मागच्या पायांवर उभा राहतो, तुम्हाला वर घेत नाही. आणि टेम्पर त्या घोड्याच्या नावावर साठवलेला असतो. रात्र झाली म्हणून मध्येच सोडून गेलात तर सकाळी तिथूनच पुढे सुरू होतं, पहिल्यापासून नाही.

सॅडल (खोगीर) पूर्वी फक्त चेस्टमध्ये, मासेमारीत वगैरे मिळायचं. १.२१.६ पासून, म्हणजे जून २०२५ च्या अपडेटपासून, ३ लेदर आणि १ लोखंडी वीट वापरून ते क्राफ्ट करता येतं. सॅडल नसेल तर टेम घोड्यावर बसता येतं, पण तो आपल्या मर्जीने फिरतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं: दिसेल तो पहिलाच घोडा ठेवू नका. जंगली घोड्यांचा वेग सेकंदाला ४.७ ब्लॉकपासून १४.२ ब्लॉकपर्यंत असतो. खालच्या टोकाचा घोडा तुमच्या स्वतःच्या स्प्रिंटपेक्षाही हळू, कारण स्प्रिंट ५.६ चा आहे. उडी १.१ ते ५.३ ब्लॉक, हेल्थ १५ ते ३०, म्हणजे साडेसात ते पंधरा हार्ट. हेल्थ बसल्या बसल्या दिसते, बाकीचे दोन मोजावे लागतात. सपाट जमिनीवर १०० ब्लॉक अंतरावर दोन टॉर्च लावा. सरासरी घोडा ते अंतर साडेदहा सेकंदांत कापतो. आठ सेकंदांच्या आत आला तर तो ठेवण्यासारखा. उडीसाठी दोन, तीन आणि चार ब्लॉक उंचीच्या भिंती शेजारी शेजारी बांधा आणि उडीची पट्टी पूर्ण भरेपर्यंत स्पेस दाबून धरून सोडा. तीन ब्लॉकची भिंत आरामात पार करणारा घोडा डोंगराळ भागातही अडत नाही.

चांगले दोन सापडले की जोडी लावा. त्यासाठी गोल्डन कॅरट वापरा. एका गाजराला सोन्याचे आठ नगेट लागतात, म्हणजे एक वीटसुद्धा पूर्ण लागत नाही. १.१९.४ पासून पिल्लाचे गुण आईबापांच्या सरासरीच्या आसपास, थोडे वर किंवा खाली पडतात. त्यामुळे दोन चांगल्या घोड्यांचं पिल्लू दोघांपेक्षा सरस निघू शकतं. त्याआधीच्या आवृत्तीत सरासरीत एक तिसरा, कुठलाही काल्पनिक घोडा मिसळला जायचा, म्हणून चांगल्या घोड्यांची पिल्लंही मध्यम निघायची. जुन्या गाइडमध्ये "ब्रीडिंगचा उपयोग नाही" असं वाचलंत तर ते त्या काळातलं आहे.

---

चंक_सीमा

लांडग्यांबद्दल. टेम करणं सोपं आहे: प्रत्येक हाडाला १/३ शक्यता, आधीच्या हाडांचा पुढच्याशी काही संबंध नाही. ६ हाडं जवळ असतील तर ९१ टक्के, १० असतील तर ९८ टक्के. एका सापळ्याकडून (स्केलेटनकडून) ० ते २ हाडं पडतात, त्यामुळे दोन लांडगे हवे असतील तर पंधरा-वीस हाडं घेऊन निघा. डिफिकल्टी पीसफुल करू नका, तिथे सापळेच येत नाहीत. कळपाजवळ तलवार किंवा धनुष्य वापरताना जपा. एकाला वार लागला की आख्खा कळप अंगावर येतो, आणि चिडलेला लांडगा हाड घेतच नाही.

आता "गायब होतात" याचं उत्तर. टेम प्राणी मेला तर मालकाच्या चॅटमध्ये मृत्यूचा संदेश येतो, नाव ठेवलेलं नसलं तरीही. चॅट उघडून वर सरकवा. संदेश नसेल तर लांडगा जिवंत आहे आणि कुठेतरी मागे उभा आहे. एकच अपवाद: मृत्यूचे संदेश दाखवणारा गेमरूल बंद केलेला असेल तर हा पुरावा चालत नाही.

तो मागे का राहतो ते असं. लांडगा, मांजर आणि पोपट मालकापासून १२ ब्लॉक किंवा त्याहून लांब पडले की टेलिपोर्ट होतात. पण त्यासाठी गेमला तुमच्या आजूबाजूला तीन ब्लॉकच्या आत पाय ठेवता येईल अशी जागा सापडावी लागते. पाण्यावर, हवेत, शिडीवर तशी जागा नसते. झाडाची पानंही लांडग्याला आणि मांजराला चालत नाहीत, फक्त पोपटाला चालतात. तुम्ही बोटीने समुद्र ओलांडायला लागलात किंवा इलिट्रा (उडायचे पंख) उघडून उडालात की गेम जागा शोधत राहतो, ती मिळत नाही, आणि तेवढ्यात तुम्ही इतके लांब जाता की लांडगा ज्या चंकमध्ये (जगाच्या तुकड्यात) आहे तो चालू राहत नाही. चंक बंद झाला की लांडगा तिथेच गोठतो. मग तुम्ही पलीकडच्या किनाऱ्यावर तासभर थांबलात तरी तो येणार नाही.

शोधायचं असेल तर बेसजवळ फिरू नका. ज्या ठिकाणी शेवटचे घट्ट जमिनीवर होतात तिथे परत जा. बोटीत बसलात तो किनारा, उडी मारलीत तो कडा. चंक चालू होताच उभा असलेला लांडगा दिसेल किंवा स्वतःच उडी मारून तुमच्याजवळ येईल.

टेलिपोर्ट होत नाही अशा आणखी तीन स्थिती: बसवलेला असणं, लीडने (दोराने) बांधलेला असणं, बोटीत किंवा माइनकार्टमध्ये असणं. बसवलेल्याचं एक लक्षात ठेवा. त्याला मार बसला तर तो उठतो, पाण्यात ढकलला गेला तरी उठतो. नदीकाठी लांडगे बसवून निघून जाणं म्हणूनच धोक्याचं. दोन ब्लॉक उंच भिंतींची, टॉर्च लावलेली, छत असलेली खोली करा आणि आत बसवा.

लढाईत काय होतं ते सांगतो, कारण बहुतेक लांडगे तिथेच जातात. तुम्ही ज्याला माराल किंवा जो तुम्हाला मारेल त्याच्यावर ते धावतात, सापळ्यांवर तर आपणहून धावतात. क्रीपरवर मात्र कधीच हल्ला करत नाहीत. म्हणजे क्रीपर तुमच्याकडे चालत येतो, लांडगे तुमच्या पायाशी उभेच, आणि स्फोट सगळ्यांना लागतो. खाणीत उतरण्यापूर्वी त्यांना वर बसवून जा. अरुंद बोगद्यात लांडगे काही कामाचे नाहीत, उलट तुमची तलवार त्यांनाच लागते, आणि मालकाचा वारही त्यांची हेल्थ कमी करतोच.

हेल्थ शेपटीवरून कळते. शेपटी जितकी खाली तितकी हेल्थ कमी. जंगली लांडग्याला ४ हार्ट असतात, टेम झाल्यावर २०. भरायला कुठलंही मांस चालतं, झोम्बीचं कुजकं मांससुद्धा. तुम्ही ते खाल्लंत तर पोट बिघडतं, लांडग्याला काही होत नाही, म्हणून ते फेकू नका, लांडग्यांसाठी एक चेस्टच वेगळा ठेवा. पिल्लं हवी असतील तर दोन्ही लांडग्यांची हेल्थ पूर्ण भरलेली लागते. "मांस घालतो पण हार्ट येत नाहीत" याचं कारण जवळजवळ नेहमी हेच असतं: घातलेलं मांस हेल्थ भरण्यातच जातं. जोडीतून झालेलं पिल्लू जन्मतःच टेम असतं.

कवच अवश्य घाला. ६ आर्माडिलो स्क्यूटचं एक लांडगा-कवच होतं, १.२०.५ पासून, म्हणजे एप्रिल २०२४ पासून. आर्माडिलो सव्हाना आणि बॅडलँड्समध्ये मिळतो. स्क्यूट ब्रशने काढायचे. ब्रश म्हणजे एक पीस, एक तांब्याची वीट आणि एक काडी, उभ्या ओळीत. आर्माडिलोवर एकदा ब्रश फिरवला की ब्रशची १६ ड्युरेबिलिटी (टिकाऊपणा) जाते आणि ब्रशला असते एकूण ६४. म्हणजे एका ब्रशमध्ये चार स्क्यूट. एका कवचासाठी दोन ब्रश घेऊन जा, नाहीतर चार स्क्यूट हातात आणि परतीची पायपीट.

कवच तुटेपर्यंत माराचा सगळा भार कवच घेतं, लांडग्याची हेल्थ तशीच राहते. त्याची ड्युरेबिलिटी ६४. तडे दिसायला लागले की लांडग्याला बसवा आणि स्क्यूट हातात घेऊन राइट क्लिक करा, एका स्क्यूटला ८ भरते. उभ्या लांडग्यावर ही दुरुस्ती होत नाही. काढायचं असेल तर कात्री. पण पाण्यात गुदमरणं, भिंतीत चेपलं जाणं, गोठणं आणि विदरचा परिणाम यांपासून कवच वाचवत नाही.

---

बेरीचं_झुडूप

कोल्हा बाकीच्यांसारखा टेम होतच नाही. तो फक्त विश्वास ठेवतो, आणि तोही तुम्ही जोडी लावून जन्माला आलेलं पिल्लूच. जंगली मोठ्या कोल्ह्याला कितीही बेरी घातल्या तरी तो जंगलीच राहतो.

पिल्लू का पळतं? लहान असेपर्यंत पिल्लू जवळच्या मोठ्या कोल्ह्याच्या मागे जातं. ते मोठे कोल्हे तुम्हाला घाबरतात. तुम्ही जवळ गेलात की ते पळतात, आणि पिल्लू तुम्हाला घाबरत नसूनही त्यांच्यामागे धावतं. म्हणून पिल्लाला लगेच वेगळं काढणं हाच उपाय.

क्रम असा:

आधी दोन लीड तयार ठेवा. १.२१.६ पासून फक्त ५ दोरे लागतात, चिखलगोळ्याची गरज संपली. तैगात स्वीट बेरी गोळा करा, चार-सहा पुरतात. कोल्ह्यापासून १६ ब्लॉकच्या आत आलात की शिफ्ट दाबून वाकूनच चाला. उभे चाललात तर तो पळणार, वाकून गेलात तर जागचा हलत नाही. दोघांनाही एकेक बेरी द्या. पिल्लू झालं की सगळ्यात आधी त्याला लीड लावा आणि मोठ्यांपासून दूर चालायला लागा. धावत नाही, चालत: लीड दहा-बारा ब्लॉकपेक्षा ताणला की तुटतो. मोठे दिसेनासे झाले की काम झालं.

पिल्लाला मोठं व्हायला २० मिनिटं लागतात. प्रत्येक बेरीने उरलेल्या वेळातला दहावा भाग कमी होतो, त्यामुळे पहिल्या काही बेरींचा फायदा जास्त, नंतर नाममात्र.

मोठा झाल्यावर अपेक्षा नीट ठेवा. विश्वासू कोल्हा तुमच्या मागे येत नाही, सांगितल्यावर बसत नाही, टेलिपोर्टही होत नाही. तुम्हाला पाहून पळत नाही आणि तुमच्यावर हल्ला करणाऱ्यावर धावून जातो, एवढंच. त्यामुळे त्याला कुंपणात ठेवावं लागतं. झेप घेऊन तो कुंपण ओलांडू शकतो, म्हणून भिंत दोन ब्लॉकची करा. कोंबड्या आणि ससे त्याच्या जवळ ठेवू नका, शिल्लक राहणार नाहीत.

जमिनीवर पडलेली वस्तू तो तोंडात उचलतो. तुमचं एखादं चांगलं एन्चांटेड पुस्तक त्याने उचललं तर मारू नका. समोर खाण्याची वस्तू टाका, तो तोंडातली वस्तू सोडून ती उचलतो. याच सवयीचा चांगला उपयोगही आहे: टोटेम ऑफ अनडाइंग समोर टाकलंत आणि त्याने उचललं, तर ते त्याचा जीव वाचवतं.

---

वडाचं_पान

चॅट तपासलं, मृत्यूचा संदेश नाही. नदीकाठी परत जाऊन बघतो.

दोन गोष्टी आणखी. पोपटाचं राहिलं. आणि सामान वाहायला लामांचा काफिला करायचा आहे. लामासाठी हे-बेल लागतात असं सगळीकडे लिहिलंय, पण गव्हाचं शेत लहान आहे. किती हे-बेल धरून चालू?

---

लीडची_गाठ

पोपट: बिया बरोबर आहेत. गव्हाच्या, कलिंगडाच्या, भोपळ्याच्या, बीटच्या, सगळ्या चालतात. जावात प्रत्येक बीला १/१० शक्यता आहे. १० बियांत ६५ टक्के, २२ बियांत ९० टक्के, त्यामुळे वीस बिया जाणं नेहमीचं आहे. बेडरॉकमध्ये (गेमच्या दुसऱ्या एडिशनमध्ये) ही शक्यता १/३ आहे, तिथल्या व्हिडिओंमुळे गैरसमज होतो. तीस-चाळीस बिया घेऊन जंगल बायोममध्ये जा. कुकी चुकूनही देऊ नका, पोपट तत्काळ मरतो. हॉटबारमध्ये बियांच्या शेजारच्या खणात कुकी ठेवूच नका. आणि पोपटांची जोडी लागत नाही, जितके हवेत तितके जंगलातूनच आणावे लागतात.

खांद्यावरचा पोपट एक ब्लॉक खाली उतरलात तरी उतरतो. लांब नेताना तो हळूहळू मागे पडतो ते त्यामुळे.

लामा: टेम करायला हे-बेल घ्या. एका हे-बेलने टेम्पर ६ वाढतो, गव्हाने ३. लामाचा टेम्पर जास्तीत जास्त ३० असतो, घोड्यासारखा १०० नाही. पाच हे-बेल दिले की टेम्पर पूर्ण, पहिल्याच बैठकीत टेम.

---

निवांत_अश्व

आकडे बरोबर, पण शेत लहान असेल तर हे-बेल घेऊ नका. पाच हे-बेल म्हणजे ४५ गहू. सुटा गहू ३ ने टेम्पर वाढवतो, म्हणजे १० गव्हात तोच ३० चा टप्पा गाठला जातो. साडेचारपट बचत. हे-बेल राखून ठेवा जोडी लावण्यासाठी, कारण लामाची जोडी फक्त हे-बेलनेच लागते.

काही न देता नुसतं बसत राहिलात तरी लामा सातव्या बैठकीत नक्की टेम होतो: सहा वेळा पाडलं की टेम्पर ३० वर पोहोचलेला असतो. घोड्यासारखं दहा-बारा वेळा झगडावं लागत नाही. त्यामुळे गहू अगदीच नसेल तरी हरकत नाही.

काफिल्यासाठी निवड महत्त्वाची. लामाची ताकद १ ते ५ असते आणि चेस्ट लावल्यावर ताकद गुणिले ३ एवढे खण मिळतात. म्हणजे एखाद्याला ३, एखाद्याला १५. टेम झाल्यावर चेस्ट लावा आणि इन्व्हेंटरी उघडून मोजा. ९ पेक्षा कमी खण असलेला लामा ठेवू नका. एकाला लीड लावून चालायला लागलात की आसपासचे टेम लामा आपोआप रांग धरतात, दहापर्यंतचा काफिला होतो. लामावर बसता येतं पण हाकता येत नाही, म्हणून पुढे तुम्ही पायी किंवा घोड्यावर.

एवढी यातायात नको असेल तर गाढव बघा. चेस्ट लावला की प्रत्येक गाढवाला १५ खण, निवडत बसायची गरज नाही, आणि सॅडल घालून हाकताही येतं. वेग सेकंदाला साधारण ७.४ ब्लॉक, सगळ्या जंगली गाढवांचा सारखाच. मैदानातल्या गावाजवळ घोड्यांच्या कळपांत शोधा. टेम करायची रीत घोड्याचीच.

काफिल्याजवळ टेम न केलेले लांडगे असतील तर लामा त्यांच्यावर थुंकायला लागतात आणि रांग विस्कटते. तैगातून नेताना वाट थोडी बदला.

---

चंक_सीमा

गावाशेजारी बेस आहे म्हणालात, तर मांजर आधी करा. आत्तापर्यंत त्याचं कुणी लिहिलं नाही, आणि बेससाठी ते लांडग्यापेक्षा जास्त उपयोगी आहे. क्रीपर मांजरापासून ६ ब्लॉक लांब राहतो, फँटम (रात्री उडून हल्ला करणारा राक्षस) १६ ब्लॉक. मांजर बसवलेलं असलं तरी. दारापाशी एक, शेताच्या दोन टोकांना एकेक बसवा.

मांजर येण्यासाठी गावात पाच किंवा जास्त खाटा गावकऱ्यांनी धरलेल्या हव्यात, आणि आसपास पाचपेक्षा कमी मांजरं असायला हवीत. तुम्ही टेम केलेलीही त्यात मोजली जातात. म्हणून दोन-तीन घेऊन लांब नेलीत की गावात नवी येतात. काळं मांजर हवं असेल तर दलदलीतली चेटकिणीची झोपडी.

कच्चा कॉड किंवा कच्चा सामन, प्रत्येक माशाला १/३. शिजवलेला चालत नाही. अडचण इथे येते: मासा हातात धरून उभे राहा आणि मांजराला तुमच्याकडे येऊ द्या. ते ६ ब्लॉकच्या आत आलं की अजिबात हलू नका, आणि माऊसही झटक्यात फिरवू नका. या अंतरात तुम्ही जागचे सरकलात किंवा नजर एकदम वळवलीत की ते घाबरून पळतं. ते अगदी समोर आलं की क्लिक करा. पळालं तर पाठलाग करू नका, थांबा, ते पुन्हा येतं.

जंगलातला ऑसेलॉट वेगळा. १.१४ पासून, म्हणजे एप्रिल २०१९ पासून, तो टेम होत नाही. मासे खाऊन विश्वास ठेवतो, पण घरी येऊन बसत नाही.

चेस्टवर मांजर बसलं तर चेस्ट उघडत नाही. बसवून ठेवायचं तर चेस्टच्या खोलीत नको.

---

लीडची_गाठ

तैगातून ८०० ब्लॉक आणायचं राहिलं. जमिनीवरून सलग रस्ता असेल तर लांडगे नुसते मागे येतील. मध्ये नदी असेल तर दोन ब्लॉक रुंदीचा साधा मातीचा पूल टाका, पोहत जाऊ नका. पुलावर टेलिपोर्टला जागा मिळते, पाण्यात मिळत नाही. कोल्हा आणि लांडगा बोटीत बसतात: बोट जनावरावर ढकला, ते आत गेलं की तुम्ही पुढच्या जागेवर बसा. घोडा बोटीत मावत नाही, त्याच्यासाठी पूल बरा.

आणखी एक मार्ग १.२१.६ पासून आहे, हॅपी घास्ट, म्हणजे पाठीवर बसता येणारा उडता प्राणी. नेदरमध्ये (पोर्टलपलीकडच्या जगात) सोल सँड व्हॅलीतल्या हाडांच्या सांगाड्यांजवळ ड्राइड घास्ट मिळतो. त्याला पाण्यात ठेवा, २० मिनिटांत घास्टलिंग निघतं, स्नोबॉल घातले की लवकर वाढतं. मोठा झाला की हार्नेस घालायचा: ३ लेदर, २ काचा, १ लोकर. लांडगा बोटीत बसवून ती बोट लीडने घास्टला बांधता येते, घोडाही तसाच टांगून नेता येतो. वेग जेमतेम चालण्याइतका आहे, पण नद्या, दऱ्या, क्रीपर यांतलं काही आडवं येत नाही.

नेदर पोर्टलमधून न्यायचं असेल तर: टेलिपोर्ट एका डायमेन्शनमधून दुसऱ्यात होत नाही. तुम्ही आधी गेलात तर लांडगा अलीकडेच राहणार. त्याला आधी पोर्टलमध्ये ढकला. तुम्हाला सर्व्हायव्हलमध्ये चार सेकंद थांबावं लागतं, जनावर आत शिरताच पलीकडे जातं. मग लगेच तुम्ही जा आणि तिकडे पोहोचताच बसवा. पलीकडच्या पोर्टलभोवती आधी भिंत बांधून ठेवा, लावा जवळ असेल तर ही पायरी वगळूच नका.

---

बेरीचं_झुडूप

पुढे मित्रांबरोबर सर्व्हरवर हेच जग टाकणार असाल तर एक सांगून ठेवते. लांडगा, मांजर, पोपट मालकाला नावाने नाही, खात्याच्या ओळख-क्रमांकाने ओळखतात. सर्व्हरच्या सेटिंगमध्ये ऑनलाइन-मोड चालूचा बंद किंवा बंदचा चालू केला की तुमचा क्रमांक बदलतो, आणि तुमचेच लांडगे तुमच्या क्लिकवर बसत-उठत नाहीत. हा बदल जनावरं टेम करण्याआधी ठरवा. घोड्याला ही अडचण नाही, टेम घोड्यावर कुणीही बसू शकतं. म्हणून सर्व्हरवर चांगला घोडा कुंपणाला बांधून न ठेवता बंद तबेल्यात ठेवा, आणि दार लोखंडी लावून बटण आतल्या बाजूला ठेवा.

---

वडाचं_पान

लांडगे नदीच्या अलीकडच्या काठावर दोन्ही उभे होते, बोटीत बसलो त्याच जागी. आता पूल टाकून आणतो. दहा गव्हाचा लामाचा हिशोबही चालला, पहिल्या बैठकीत हार्ट आले. खण मात्र सहाच निघाले, दुसरा शोधतो.